मास्तर-कलमाची खरी हकिगत

सन्माननीय अध्यक्ष, म्हणजे आमच्या दुकानाचे मालक. प्रमुख पाहुणे, म्हणजे आपल्यापैकी निम्म्यांचे दात ज्यांच्या हाताखालून गेले आहेत ते डॉक्टर. आजचे सत्कारमूर्ती मास्तर, ज्यांना सलग अर्धा तास एका खुर्चीत बसलेलं मी आयुष्यात पहिल्यांदाच बघते आहे. पहिल्या रांगेतल्या वहिनी. दुकानातले माझे सहकारी. आणि ज्यांच्या टीव्हीच्या मागे आजही माझ्या अक्षरातल्या पट्ट्या लटकत असतील असे सगळे ग्राहकहो, आपणा सर्वांना माझा नमस्कार.

मास्तर आज आपल्या दुकानातल्या, यंत्रं जोडण्याच्या चौतीस वर्षांच्या नोकरीनंतर निवृत्त होत आहेत. त्यांच्याविषयी चार शब्द बोलायला मालकांनी मला सांगितलं, हा मी माझा सन्मान समजते. मी दोन पानं लिहून आणली होती. चांगली लिहिली होती हो. सुरुवातीला एक सुभाषितही होतं. पण ती पानं मी आता पर्समध्येच ठेवते आहे. कारण माझ्या आधी डॉक्टर बोलले, आणि बोलण्याच्या ओघात त्यांनी ती जुनी गोष्ट सांगितली. एकवीस वर्षांपूर्वी मास्तर त्यांच्या घरी होम थिएटर जोडायला गेले आणि परदेशातून आणलेला नवाकोरा ॲम्प्लिफायर त्यांनी पहिल्याच मिनिटाला कसा जाळला, ती. सगळं सभागृह हसलं. मालक हसले. मास्तरही हसले. डॉक्टर, तुम्ही ती प्रेमाने सांगितलीत, याबद्दल माझ्या मनात काही किंतु नाही.

पण ती गोष्ट खरी नाही. तो ॲम्प्लिफायर मास्तरांनी जाळला नव्हता. मी जाळला होता.

मास्तर तिकडून हाताने मला 'बसा, बसा' अशी खूण करताहेत. मागच्या आठवड्यात मी त्यांची परवानगी मागितली होती, तर म्हणाले, आता कशाला उकरता. एकवीस वर्षं मी त्यांचा शब्द खाली पडू दिला नाही. आज पडू देणार आहे. उद्यापासून ते रागवायला दुकानात नसतील, त्याचा फायदा घेते म्हणा.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं मागून सांगते. आमच्या दुकानात, मागच्या कामाच्या खोलीत, दाराच्या वर एक पाटी आहे. 'जोडणाऱ्याने बटण दाबू नये. दुसऱ्याने सगळं पाहावं, आणि दुसऱ्यानेच दाबावं.' या नियमाला दुकानात कुणी नियम म्हणत नाही. त्याला म्हणतात मास्तर-कलम. नवा माणूस कामाला लागला की पहिल्या दिवशी चहाबरोबर त्याला या कलमाची गोष्ट मिळते. मास्तरांनी एकदा यंत्र जाळलं, म्हणून हे कलम आलं. मी ती दर वेळी टेबलावर बसून ऐकते. दर वेळी ती थोडी वाढलेली असते. सुरुवातीला फक्त ॲम्प्लिफायर जळला होता. मग टीव्ही गेला. मागच्या वर्षी ऐकली तेव्हा पडद्यांनी पेट घेतला होता आणि आगीचा बंब आला होता. आता, मी तिथे होते. बंब काही मला दिसला नाही.

उद्या मास्तर घरी जातील. पाटी राहील, तिचं नाव राहील, आणि त्या नावाखाली ही खोटी गोष्ट राहील. ते मला होऊ द्यायचं नाही. म्हणून जरा वेळ घेते. अध्यक्षांनी घंटी वाजवू नये ही विनंती.

मी या दुकानात आले ती इंग्रजीच्या जोरावर. त्या काळी नवी यंत्रं यायची ती विटेएवढ्या जाड पुस्तकांसह. पुस्तकं इंग्रजीत. मास्तरांच्या हातात सगळी विद्या, पण वाचायला येई ते फक्त मराठी. मालकांना पुस्तक वाचून दाखवणारी बाई हवी होती, आणि मला नोकरी हवी होती. घरात मिळवणारी मी एकटी, मुलगी तिसरीत. कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली असल्यामुळे माझं इंग्रजी घडीच्या कपड्यांसारखं नीटनेटकं होतं. मराठी मात्र जरा परक्या घरी आल्यासारखं चालायचं. पहिल्याच आठवड्यात मालकांनी एका घराचा नकाशा दिला आणि वायरींना बांधायच्या पट्ट्या मराठीत लिहायला सांगितल्या. मी शब्दकोश काढून बसले. मागच्या डाव्या स्पीकरसाठी मी लिहिलं, 'पश्चात् वाम ध्वनिक्षेपक'. मास्तरांनी पट्टी हातात धरून दोनदा वाचली आणि विचारलं, "बाई, ही वायरीला बांधायची का गळ्यात?"

तेव्हापासून मी 'मागचा डावा' लिहू लागले.

या पट्ट्यांबद्दल सांगायला हवं, कारण सगळी गोष्ट त्यांच्यावरच आहे. होम थिएटर म्हणजे काय? एक टीव्ही किंवा पडदा, तबकडी वाजवणारा एक प्लेअर, मधे आवाज वाढवणारा एक ॲम्प्लिफायर, आणि खोलीभर पाच-सहा स्पीकर. ही मंडळी एकमेकांशी बोलतात ती वायरींतून. आणि वायरी सगळ्या सारख्या. भिंतीतून, छतातून फिरून त्या कपाटात एकत्र आल्या की कुठली कुणाची, हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. म्हणून मास्तरांची पद्धत अशी की एकही वायर पट्टीशिवाय घरात शिरायची नाही. दोन्ही टोकांना कापडी पट्टी, वर कुठून कुठे ते लिहिलेलं. लिहायचं मी, बांधायचंही मीच. मास्तर पट्टी वाचत आणि जोडत. पट्टीवर त्यांचा विश्वास असे, म्हणजे माझ्यावर.

बाकी सगळं त्यांनी मला शिकवलं. पिवळी चित्राची, तांबडी उजव्या कानाची, पांढरी डाव्या कानाची. एका यंत्रातून आवाज जिथून बाहेर पडतो तिथली वायर दुसऱ्याच्या आत शिरणाऱ्या तोंडात गेली पाहिजे. "दोघंही बोलणारे समोरासमोर बसवले तर ऐकणार कोण," असं म्हणायचे. वायर कधी ताणून बसवायची नाही, मागे हातभर सैल ठेवायची, कारण घरातली माणसं कपाट झाडायला ओढतातच. वीज सगळ्यात शेवटी. आणि पहिलं काम यंत्राचं नाही, माणसाचं. कुणाच्याही घरी गेले की मास्तर आधी विचारायचे, इथे रोज कोण कुठे बसतं? मग त्या प्रत्येक जागी स्वतः बसून बघायचे. एका घरी नवऱ्याला सगळे स्पीकर दिसायला हवे होते, एवढे पैसे घातले म्हणून, आणि बायकोला एकही दिसायला नको होता. मास्तर दोघांच्या खुर्च्यांवर पाळीपाळीने बसले. शेवटी नवऱ्याच्या खुर्चीवरून दिसतील आणि बायकोच्या खुर्चीवरून कुंडीमागे जातील, असे त्यांनी ते लावले. ते जोडपं आज इथे आलेलं आहे, आणि शेजारी शेजारी बसलेलं आहे, एवढंच सांगते.

हे सगळं झालं की शेवटी बटण. तो मास्तरांचा क्षण. घरातल्यांना बसायला सांगायचे, लहानमोठे सगळे जागेवर आले की नाही ते बघायचे, आणि बटण दाबायचे. दाबताना ते पडद्याकडे बघत नसत. माणसांच्या चेहऱ्यांकडे बघत. मागून पहिला आवाज आला की माणूस मान वळवून मागे बघतो, प्रत्येक माणूस बघतो, आणि मग स्वतःलाच हसतो. ते हसू दिसलं की मास्तर हत्यारं पिशवीत भरायला लागायचे. मी तीन महिने त्यांच्याबरोबर गेले, त्या तीन महिन्यांत अशी अकरा घरं मी पाहिली.

बारावं घर डॉक्टरांचं.

डॉक्टरांचे धाकटे बंधू परदेशाहून आले होते. आईला ऐंशी पूर्ण झाली म्हणून तिला चित्रपट नीट ऐकू यावेत, यासाठी त्यांनी दोन यंत्रं आणली होती, एक ॲम्प्लिफायर आणि एक प्लेअर. स्वतःचे कपडे बॅगेतून काढून, स्वेटरांत गुंडाळून आणली होती. त्यातला ॲम्प्लिफायर तिकडच्या विजेवर चालणारा. तिकडची वीज आपल्या घरात येते तिच्या निम्म्या जोराची. तो आपल्या भिंतीत थेट लावायचा नाही. मधे एक लहानशी लोखंडी पेटी ठेवायची, ट्रान्सफॉर्मर, ती वीज निम्मी करून देते. प्लेअर मात्र दोन्हीकडे चालणारा, तो थेट लावला तरी चालतो. दोन्ही यंत्रं आदल्या दिवशी दुकानात आणली होती. त्यांचे मूळ प्लग कापून इथले बसवले होते. त्यामुळे दोघांच्या विजेच्या वायरी काळ्या, सारख्या जाडीच्या, सारख्या प्लगच्या. जुळ्या बहिणी.

माझं काम एवढंच होतं. दोन पट्ट्या. ॲम्प्लिफायरच्या वायरीला 'पेटीतून', प्लेअरच्या वायरीला 'थेट'.

मालक तेव्हा माझ्या टेबलाशी उभे होते. त्यांच्याबरोबर कुणी पाहुणे होते. मालक कौतुकाने म्हणाले, आमच्या बाईंचं इंग्रजी ऐका. आणि मी ऐकवलं. ॲम्प्लिफायरच्या पुस्तकातला एक परिच्छेद मी असा वाचला, की आमच्या शाळेतल्या सिस्टरनी मला मांडीवरून उतरवलं नसतं. गंमत बघा, तो परिच्छेद त्याच विजेबद्दलच्या सूचनेचा होता. तोंडाने मी ती सूचना वाचत होते, आणि हात खाली पट्ट्या बांधत होते. पाहुणे म्हणाले, वा. मी शेवटची गाठ मारली.

'थेट' ॲम्प्लिफायरला गेली. 'पेटीतून' प्लेअरला.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही डॉक्टरांकडे गेलो. मास्तरांनी ॲम्प्लिफायर कपाटात सरकवला. कुणी म्हणेल, यंत्राच्या पाठीवर आकडा असतो, आणि आकडा वाचायला इंग्रजी कशाला लागतं? बरोबर आहे. पण यंत्र कपाटात गेलं की पाठ भिंतीकडे जाते. आपल्या तोंडाशी राहते ती वायर आणि वायरीवरची पट्टी. मास्तरांनी पट्टी वाचली. तिथे 'थेट' लिहिलं होतं. त्यांनी थेट लावली.

आईंना मधल्या खुर्चीत बसवलं होतं. मधला स्पीकर मास्तरांनी त्यांच्या कानाची उंची मोजून ठेवला होता. बंधू जमिनीवर आईच्या पायाशी बसले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना परत जायचं होतं. डॉक्टर दाराशी, मी पुस्तक घेऊन कोपऱ्यात. मास्तरांनी सगळ्यांकडे एकदा बघितलं आणि बटण दाबलं.

दिवा लागला. मग पेन्सिलीचं टोक मोडावं एवढाच आवाज झाला. कपाटाच्या फटीतून धुराची एक रेघ वर आली. मास्तरांनी झडप घालून प्लग ओढला. आईंना दिसायचं कमी, त्या म्हणाल्या, "दूध करपलं का कुणाचं?"

मास्तरांनी यंत्र बाहेर ओढलं, बॅटरी मारून पाठीवरचा आकडा बघितला. मग हातात वायर घेऊन पट्टी बघितली. मग माझ्याकडे बघितलं. फार वेळ नाही, पट्टी वाचायला लागतो तेवढाच. मग त्यांनी ती पट्टी सोडवली, बोटांत चोळून तिची गोळी केली, खिशात टाकली आणि उभे राहिले.

"माझ्या हातून झालं, डॉक्टर," ते म्हणाले.

बंधू त्यानंतर जे बोलायचं ते बोलले. आपलेच कपडे मागे ठेवून आणलेलं यंत्र डोळ्यांसमोर जळल्यावर माणूस जे बोलेल तेच, जास्त नाही. मास्तरांनी सगळं ऐकून घेतलं. मी तिथे, त्याच खोलीत, पुस्तक छातीशी धरून उभी होते. आणि माझ्या त्या घडीच्या इंग्रजीतला एक शब्द, की मराठीतला एक शब्द, माझ्या तोंडून बाहेर आला नाही.

परत येताना दुकानाच्या गाडीत मी म्हटलं, मी आत्ता जाऊन मालकांना सांगते. मास्तर म्हणाले, "मला बोलणी बसतील. तुम्हाला घरी बसवतील." मी म्हटलं, तरी सांगते. तेव्हा ते जरा चिडूनच म्हणाले, "पोरगी तिसरीत आहे ना तुमची? आणि ते दुसरं पुस्तक आहे परवाच्या कामाचं, ते कोण वाचणार, मी?" झालं. विषय संपला. तुम्हाला वाटेल, केवढा त्याग. ते तसं काही बोलले नाहीत. त्यांनी परवाच्या कामाचा विचार केला.

मालक, तुम्ही त्या दिवशी आवाज चढवला नाहीत, हे मी इथे नमूद करते. ॲम्प्लिफायर दुरुस्तीला पाठवलात, चार महिन्यांनी तो सुरू झाला, आणि डॉक्टर सांगतात त्याप्रमाणे आजही वाजतो. ते यंत्र माझ्यापेक्षा दणकट निघालं. तुम्ही फक्त दारावर ती पाटी लावलीत. नियम चांगला आहे. या एकवीस वर्षांत आपल्याकडून एकही यंत्र जळलेलं नाही, आणि समोरच्या गल्लीतल्या दुकानानेही तो उचलला आहे, आपल्याला न विचारता. माझी तक्रार नियमाबद्दल नाही.

पण त्या दिवसानंतर मास्तरांनी बटण दाबलं नाही. जोडणी सगळी त्यांची. शेवटच्या वेळी ते बाजूला होत, हात पाठीमागे बांधून उभे राहत. दुसरा कुणी येऊन पट्ट्या बघे, प्लग बघे, बटण दाबे. त्यातल्या कित्येकांना मास्तरांनीच पाना धरायला शिकवलेलं. कुणी गमतीने विचारी, "दाबू का मास्तर, की बंब बोलावू?" मास्तर म्हणत, "दमानं दाब." घरातली माणसं मान वळवत, हसत, आणि मास्तरांकडे नाही, बटण दाबणाऱ्याकडे बघून हसत. हे मी शेकडो वेळा पाहिलं. मास्तरांच्या मुलीने पहिल्या पगारातून घरी छोटा संच आणला, तो त्यांनी स्वतः जोडला, आणि बटण दाबायला शेजारच्या काकूंना बोलावलं. काकूंना वाटलं उद्घाटन आहे. त्या कपडे बदलून, केस विंचरून आल्या. वहिनींनी हे मला हसत हसत सांगितलं होतं. मीही हसले होते.

वहिनी, आता तुमच्याशी बोलायचं आहे. तुम्ही इतकी वर्षं मास्तरांच्या डब्यात माझ्या वाटणीचं घालून पाठवलंत. तुमच्या मुलीच्या लग्नानंतर एकदा मी तुमच्याकडे आले होते, आठवतं? तुम्ही कपाटं आवरत होतात. हातातली चादर तशीच धरून तुम्ही मला विचारलंत, "बाई, खरं सांगा, यांच्या हातून ते जळलंच कसं? हा माणूस गॅसचं बटण तीनदा बघतो. कुलूप लावून अर्ध्या वाटेवरून परत येतो. मला नाही पटत." मी काय म्हटलं? मी म्हटलं, "होतं कधी कधी."

गप्प बसणं ही एक गोष्ट. भित्रेपणा म्हणून मी ती स्वतःला समजावू शकते. नोकरी नवी होती, मुलगी लहान होती. पण तुमच्यासमोर बसले तेव्हा नोकरी पक्की होऊन पंधरा वर्षं झाली होती, मुलगी मिळवती झाली होती, मालकांनी मला काढलं नसतं. तरी ते तीन शब्द मी माझ्या तोंडाने बोलले, आणि तुम्ही चादरीची घडी घातलीत आणि पुन्हा कधी विचारलं नाहीत. तुम्हाला तुमच्या नवऱ्याबद्दल जे पक्कं माहीत होतं, ते मी तुमच्याकडून काढून घेतलं. ॲम्प्लिफायरपेक्षा मला ते जास्त लागतं.

आमच्या शाळेत शुक्रवारी काही मुली कन्फेशनला, म्हणजे चुकांची कबुली द्यायला, जायच्या. मी त्या धर्माची नव्हते, म्हणून बाहेर बाकावर बसून वाट बघायचे. मला त्यांचा हेवा वाटायचा. लाकडी जाळीपलीकडच्या माणसाला, जो तुम्हाला बघत नाही, पाच मिनिटं काहीतरी सांगायचं आणि उड्या मारत बाहेर यायचं. आज मला कळतं आहे की त्यात त्यांची फार सोय होती. जाळी होती. इथे तर तुम्ही सगळे समोर बसला आहात आणि दिवेही पूर्ण लावलेले आहेत.

तर माझी विनंती अशी. अध्यक्षमहाराज, उद्या सकाळी दुकान उघडलं की त्या कलमावरून मास्तरांचं नाव काढावं. त्याला हवं तर बाई-कलम म्हणावं. नव्या माणसाला चहाबरोबर गोष्ट सांगायचीच असेल तर ती माझी सांगावी. मी पुढच्या टेबलावरच बसलेली असते, बोट दाखवायलाही सोपं. आणि डॉक्टर, तुमच्या बंधूंना आज फोन करून कृपा करून सांगा, की त्या दुपारी ते ज्या माणसाला बोलले त्याचा त्यात काही दोष नव्हता.

डॉक्टर मान हलवताहेत. करतो म्हणाले. आभारी आहे.

मालक चष्मा पुसताहेत. वहिनी माझ्याकडे बघतच नाहीत, त्या मास्तरांकडे बघताहेत. मास्तर, तुमचं काही खरं नाही आज घरी गेल्यावर.

एक मिनिट हं. मास्तर उठले आहेत. मास्तर, माईक घ्या. नको? बरं.

मागच्या रांगांना ऐकू आलं नसेल. इंग्रजी पुस्तकं मी त्यांना वाचून दाखवली, आज त्यांचं मराठी तुम्हाला वाचून दाखवते. मास्तर म्हणताहेत, बाईंनी सांगितलं तसंच झालं, आता मी नाही म्हणणार नाही. पण नाव काढू नका. "एकवीस वर्षांत एक यंत्र जळलं नाही, ते त्याच नावाखाली ना? पाटी चांगली आहे. तिच्यावरचं नाव मला चालतं. फक्त त्यातला बंब काढा."

हसा, हसा. मीही हसते आहे, पण माझा चष्मा आता मालकांसारखाच झाला आहे, म्हणून लवकर आवरते.

तुमचा शब्द मी आज एकदा मोडला, मास्तर, दुसऱ्यांदा नाही मोडत. नाव राहू दे. पण मंडळी, दुकानातल्या सगळ्यांनी हे नीट ऐकून ठेवा. उद्यापासून गोष्ट अशी सांगायची: पट्टी बाईंनी चुकीची बांधली, यंत्र बाईंमुळे जळलं, आणि मास्तरांनी त्याला आपलं नाव दिलं, म्हणून त्याला मास्तर-कलम म्हणतात. एवढीच. कुणी वाढवली तर मी टेबलावरून ऐकते आहे.

मास्तर, तुम्हाला आणि वहिनींना उत्तम आरोग्य लाभो. घरी बसून कंटाळलात तर दुकानात या, पुस्तकं अजून इंग्रजीतच येतात. मालकांनी ही सभा भरवली, डॉक्टर दवाखाना बंद ठेवून आले, आणि आपण सगळ्यांनी एका टेबलावरच्या बाईचं इतका वेळ शांतपणे ऐकून घेतलंत, त्याबद्दल मनापासून आभार. न लिहिता बोलले, त्यामुळे काही कमी-जास्त, काही चुकीचं बोलून गेले असेन. त्याबद्दल क्षमा असावी. आणि ती चूक, कृपा करून, माझ्याच नावावर घालावी.